भुलीबाहेरचा हात

"गॅस आपण निम्म्यावर आणू," असं डॉक्टर कॅरिसा म्हणाली ते अगदी सहज, दूध वर यायला लागल्यावर शेगडी बारीक करावी तसं. तिच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर नलू बसली होती, दुसरीवर तिचा नवरा शिवा, स्कॅनच्या फिल्मची मोठी पिशवी मांडीवर उभी धरून. परळच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरला दाखवून यावं लागे, म्हणून दोघं घोडपदेवहून सकाळीच आली होती. नलूच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती. ती काढायची होती, आणि सर्जनच्या सांगण्याप्रमाणे चालढकल न करता काढायची होती. त्यात तपासण्या करताना हृदय दुबळं निघालं. केव्हातरी एक झटका येऊन गेला होता आणि तो नलूला अपचन वाटला होता. "असं हृदय असलं की भुलीचा गॅस जास्त झेपत नाही, बीपी खाली जातं," डॉक्टर समजावत होती. "म्हणून झोपेचं एक औषध शिरेतून सतत सोडत राहायचं, पंपाने, अगदी थोडं थोडं. ते चालू असलं की गॅस कमी लागतो. काळजीचं काही नाही." शिवाने मान हलवली. त्याच्या जरा आधी डॉक्टरने विचारलं होतं, मागे कधी भूल घेतली होती का, तेव्हा काही त्रास झाला होता का, आणि नलूने तोंड उघडायच्या आत शिवाच बोलला होता, "सीझर झालेलं तिचं, मुलाच्या वेळी. काय पण त्रास नाय. एकदम नॉर्मल." आता डॉक्टर पुढचं काहीतरी सांगत होती, सकाळी कुठल्या गोळ्या घ्यायच्या आणि कुठल्या नाहीत, आणि नलूला तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते. पर्सच्या पट्ट्याभोवती तिची बोटं आवळली होती. ती उघडायला गेली तर उघडेनात. क्षणभरच. मग उघडली. नलू उठली, "मी जरा जाऊन येते" म्हणाली, दार लोटलं, बाकांवर बसलेल्या माणसांच्या पायांमधून वाट काढली आणि जिना उतरून थेट रस्त्यावर आली.

रस्त्यावर आल्यावर तिला कळलं की आपण परत वर जाणार नाही आहोत. निदान आज नाही. ती लालबागच्या दिशेने चालू लागली, पुलाच्या सावलीतून, कारण उन्हात चालण्याची ताकद हल्ली उरली नव्हती. गॅस कमी. हे दोन शब्द तिच्या डोक्यात नव्हते, ते कुठेतरी खांद्याच्या पात्यांमध्ये बसले होते आणि पावलागणिक थंडगार टोचत होते. मसाल्याच्या गल्लीशी आली तेव्हा मसाला कुटणाऱ्या डंखांची धडधड पायाखालून जाणवली आणि भाजलेल्या मिरचीचा ठसका एकदम नाकात चढला. तिला खोकला आला. आजूबाजूच्या दोन-तीन बायकाही खोकत होत्या, दुकानदार सवयीने बघतही नव्हता. नलू एका खांबाला धरून पोटभर खोकली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिला फार बरं वाटलं. खोकता येत होतं. खोकावंसं वाटलं आणि अंग खोकलं. माणसाला किती लहानसा हक्क असतो अंगावर, आणि तोही कुणी काढून घेतल्याशिवाय कळत नाही.

मयूर तीस वर्षांचा होऊन गेला आता, पुण्याला नोकरी करतो. त्याच्या जन्माच्या दिवशीची गोष्ट. भायखळ्याला तेव्हा एक लहानसं नर्सिंग होम होतं, दोन मजली, खाली चष्म्याचं दुकान. आता तिथे उंच इमारत आहे. कळा येऊन येऊन थांबल्या, बाळाचे ठोके मंद झाले आणि सगळ्यांची धावपळ उडाली. तोंडावर काळं रबर आलं, त्याला सायकलच्या ट्यूबसारखा वास होता. हातात सुई गेली आणि दिवा विझावा तसं सगळं विझलं. इथपर्यंत सगळ्यांच्या बाबतीत होतं तसंच. मग, किती वेळाने कोण जाणे, एक आवाज आला. पुरुषाचा, घसा बसलेला, मजेत असलेला. तो म्हणत होता, "हॉल गिरगावात, त्यामुळे गर्दी ही एवढी. आणि श्रीखंड आंबट." दुसरा कुणी हसला. नलूला प्रथम वाटलं आपण ड्यूटीवर आहोत. ती तेव्हा टेलिफोन एक्सचेंजला होती, ट्रंक कॉलच्या बोर्डावर. सांगली जोडून दे, रत्नागिरी जोडून दे. जोडल्यावर लाइन नीट लागली का बघायला क्षणभर कान द्यायचा, बोलायची कळ बंद ठेवून. लोकांचे मधले तुकडे असे कानावर पडत, लग्नाचे, मयताचे, भांडणाचे. म्हणून तिला वाटलं, कुठलातरी कॉल आहे, आता कळ सोडावी. तिने हात पुढे केला. हात गेला नाही. तिने पुन्हा केला. हात कुठे आहे हे तिला पक्कं माहीत होतं, उजवा, फळीवर पसरलेला, मनगटाला पट्टा. पण तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडून होता. पापणी उचलावी म्हटलं तर पापणी नव्हतीच. आणि मग तिला कळलं की ती कुठे आहे, आणि ते काय करताहेत.

दुखण्याबद्दल तिने नंतर कधी फारसा विचार केला नाही. दुखलं, ते ज्याचं त्यालाच माहीत. पण त्याहून वाईट काय होतं तर आपण इथे आहोत हे कुणाला कळवता न येणं. ती एका बोटावर आली होती. सबंध जीव गोळा करून उजव्या हाताच्या तर्जनीत आणून ओतत होती, हल, एवढंच हल, गुंजभर हल. आणि वर तो घसा बसलेला माणूस सांगत होता की वधूपक्षाने पन्हं चांगलं केलं होतं, नाही कसं म्हणू. श्वास तिचा नव्हता, तोही कुणीतरी बाहेरून ढकलत होतं, आत-बाहेर, आत-बाहेर, तिच्या धावणाऱ्या भीतीशी त्याची गाठच पडत नव्हती. मग पोटात खोल कुठेतरी उपसल्यासारखं झालं, आणि थोड्या वेळाने बाळाचा आवाज आला. आणि ती जिथे होती त्या जागेत, जिथे दुसरं काहीच पोचत नव्हतं, तिथे तो आवाज पोचला. त्यानंतर तिला पुन्हा काही आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने हे शिवाला सांगितलं. शिवा तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा, महापालिकेत वायरमन, बापाच्या गिरणीच्या संपानंतर घर ओढणारा. त्याला डॉक्टरांची भीती वाटे आणि आदरही. तो घाबरून डॉक्टरला विचारून आला आणि हसत परतला. "भूल उतरताना स्वप्नं पडतात म्हणाले. सगळ्यांना पडतात." ड्रेसिंगला आलेली नर्सही म्हणाली, "बाळाला लागू नये म्हणून गॅस कमी ठेवतात बाई, त्यामुळे काय काय भास होतात." भास! पण गॅस कमी हे खरं होतं तर. सासूने कांद्याची साल उतरवावी तसा तो विषय उतरवून टाकला, "बाळंतणीक असा होता गो. वारा लागला असात," आणि गावी जाऊन देवाला कौल लावायचं काढलं. मग नलूने सांगणं थांबवलं. एका खोलीत पाच माणसं. वेडी म्हणवून घ्यायला तिथे जागा नव्हती. श्रीखंड खायचं तिने सोडलं, घरात सगळ्यांना वाटलं तिला आवडत नाही. चादर पायाखाली खोचून घेणं सोडलं. आणि झोपेत शिवाचा हात अंगावर पडला की ती तो झटकून टाकी, उठून बसे, गॅलरीत जाऊन उभी राही. हाताचं वजन तिला सोसत नसे. शिवाने त्याचा निराळाच अर्थ घेतला. एकदोनदा विचारलं, मग विचारेनासा झाला, मग भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. मयूरला भाऊ किंवा बहीण झाली नाही. चाळीत लोकांनी त्यालाही कारणं शोधली. एवढं सगळं त्या दिवसातून निघालं, आणि आज शिवा म्हणाला, काय पण त्रास नाय. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्यापुरतं तसंच होतं.

ती घरी पोचली तर शिवा आधीच येऊन दारात उभा होता, फिल्मची पिशवी अजून हातात.

"खय गेलेलंस? डॉक्टर थांबून राहिली. फोन पण उचलत नाय."

"लालबागला गेले होते."

"लालबागला काय होतं?"

नलूने चपला काढल्या, पाणी प्यायली, खाली बसली. मग म्हणाली, "तुम्ही तिला त्रास नाही म्हणून का सांगितलंत?"

शिवाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता आलं नसतं, ते दमणं होतं. "अगो, ती गोष्ट अजून? डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं ना."

"मला कोणी विचारलं नव्हतं."

"आता काय करायचं म्हणतेस? गाठ काढायला नको?"

"काढायची आहे," नलू म्हणाली. "मला मरायचं नाही. उद्या मी एकटी जाते तिच्याकडे."

"मी येतो ना."

"नको. तुम्ही आलात की तुम्ही बोलता."

 पिशवी शिवाने कपाटामागे सरकवली, टीव्ही लावला, आवाज बंद करून बघत बसला. नलू भाजी चिरत होती आणि मनात वाक्यं जुळवत होती. एक्सचेंजमधली सवय. आधी नंबर, मग नाव, मग निरोप. घोळ घालायचा नाही, लाइन तुटायच्या आत महत्त्वाचं सांगून मोकळं व्हायचं. पण पहिलं वाक्य कुठून धरावं हे कळत नव्हतं. इतकी वर्षं ही गोष्ट तिने शब्दांत ठेवलीच नव्हती. ती अंगात ठेवली होती, आणि अंगातून तोंडापर्यंत यायला वाट बुजली होती. एकदा तिला वाटलंही की राहू दे. दुसरं हॉस्पिटल बघावं, जिथे गॅस भरपूर देतील. हृदय बंद पडलं तर पडलं, निदान झोपेत. मग तिने सुरी खाली ठेवली आणि स्वतःशीच, ओठ हलवून म्हणाली, हे नाही चालणार. असं भिऊन मरायला आपण एवढ्या लांब आलो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कॅरिसाच्या खोलीत ती बसली तेव्हा समोरची मुलगी मयूरच्याच वयाची आहे हे तिच्या प्रथमच लक्षात आलं. माझगावची, मूळच्या मुंबईकर ख्रिश्चनांपैकी, ईस्ट इंडियन. तिच्या मराठीत एक वेगळाच हेल होता, जुन्या मुंबईचा, भायखळ्याच्या मार्केटात कोळणीशी भाव करणाऱ्या बायकांसारखा.

"काल तुम्ही गेलात ते परत आलाच नाहीत," ती म्हणाली. "भीती वाटते का?"

"वाटते," नलू म्हणाली. "काल माझ्या मिस्टरांनी जे सांगितलं ते बरोबर नाही. सीझरला मी जागी होते."

मग ती बोलत गेली. घोळ झाला, वाक्यं मागेपुढे झाली, श्रीखंड आधी आलं आणि रबराचा वास नंतर. बोटाजवळ आल्यावर तिने टेबलावरचा हात उचलून दाखवला, हा, हे बोट. डॉक्टरच्या खुर्चीजवळ कॉम्प्युटर होता. तिने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. दारावर कुणी टकटक केली तेव्हा "नंतर" एवढंच म्हणाली.

"तुम्हाला स्वप्न वाटतंय का हे?" शेवटी नलूने विचारलं.

"नाही. असं होतं. फार जणांना नाही, पण होतं, आणि तेव्हा सीझरला तर जास्त व्हायचं." मग ती म्हणाली, "तुम्हाला तेव्हाच कोणीतरी हे सांगायला पाहिजे होतं."

नलूला वाटलं होतं, असं कुणी म्हटलं की आपल्याला रडू येईल. आलं नाही. उलट पाठ सरळ झाली. "मग आता परत गॅस कमी का?"

डॉक्टरने कागद ओढला, काही रेखाटायला गेली आणि सोडून दिलं. हातानेच दाखवलं. "ओझं उचलायचंय समजा. एकट्या गॅसने उचलायचं तर तो भरपूर लागेल, आणि तेवढा तुमच्या हृदयाला चालणार नाही. म्हणून अर्धं ओझं या पंपातल्या औषधाने उचलायचं. तुमची झोप तेवढीच ठेवायची, फक्त ती दोघांनी मिळून द्यायची. तेव्हा तुमच्या वेळी गॅस कमी होता आणि त्याच्या जोडीला दुसरं काही नव्हतं. कपाळावर एक पट्टी लावेन, झोप किती खोल आहे त्याचा अंदाज येतो."

"अंदाज."

"अंदाजच," डॉक्टर म्हणाली. "शंभर टक्के सांगितलं तर मी खोटं बोलेन."

ही मुलगी खोटं बोलत नाही, हे नलूच्या कानाने ओळखलं. इतकी वर्षं आवाजच ऐकत आली होती ती. चेहरे फसवत, आवाज क्वचित. तिने पर्स बाजूला ठेवली. "मला एवढंच पाहिजे की मी जागी झाले तर तुम्हाला सांगता यावं. बोलता नाही आलं तरी चालेल. एक हात द्या मला. नाहीतर मी टेबलावर चढणार नाही."

 डॉक्टर सावकाश म्हणाली, "पोट उघडायचं तर सगळे स्नायू ढिले करायचं औषध द्यावंच लागतं. त्यानेच तुम्हाला हलता आलं नव्हतं. पण एक रीत आहे. जुनी आहे, आमच्याकडे कोणी सहसा वापरत नाही. ते औषध द्यायच्या आधी दंडावर बीपीची पट्टी घट्ट फुगवून ठेवायची, म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही. थोड्या वेळाने सोडायची, औषध परत द्यायचं झालं की आधी परत फुगवायची. तो हात तुमचा राहतो. मी तुमच्या कानाशी बोलेन, बोटं दाबा म्हणेन."

"मग तसं करा."

"सर्जनना सांगावं लागेल. ते कटकट करतील."

"करू दे. पोट माझं आहे."

डॉक्टर हसली, आणि लगेच गंभीर झाली. "अजून एक. कधीकधी माणूस आत कुठेतरी ऐकतो, हात दाबतो, आणि नंतर त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. त्रास नसतो, भीती नसते. तसं झालं तर तुम्हाला सांगू, की न सांगितलेलं बरं?"

खिडकीबाहेर कुठल्यातरी गिरणीच्या जमिनीवर टॉवर चढत होता, क्रेनचा हात आभाळात थबकल्यासारखा दिसत होता. न सांगितलेलं बरं. असं म्हणून तिच्या भोवतीच्या किती माणसांनी किती गोष्टी तिच्यापासून बाजूला ठेवल्या असतील, मायेने, तिचं भलं चिंतून. आणि तिनेही ठेवल्याच की. मयूरला तिने कधी कळू दिलं नव्हतं की त्याच्या वाढदिवसाला सकाळी उठल्यावर पहिलं तिला काय आठवतं. "सांगा," ती म्हणाली. "मिस्टर समोर असले तरी सांगा."

ऑपरेशनच्या सकाळी मयूर आणि शिवा लिफ्टपर्यंत आले. मयूरने तिच्या केसांवरून हात फिरवला, मोठ्या माणसाने लहान मुलाच्या फिरवावा तसा. शिवा म्हणाला, "ये लवकर," जणू ती दळण आणायला चालली होती. छताचे दिवे डोक्यावरून मागे सरकत गेले. आत थंडी होती, आणि घसा बसलेल्या त्या माणसाचा आवाज नव्हता. तो कधीच मेला असेल. तरी नलूने कान लावून सगळे आवाज मोजल्यासारखे ऐकून घेतले. सर्जन मोजकं बोलणारे होते. त्यांनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा तुमचा हात. आम्ही त्याला हात लावणार नाही." डाव्या मनगटात सुई गेली. डॉक्टर कॅरिसा डोक्याशी उभी होती, उलटी दिसत होती, हनुवटी वर आणि डोळे खाली. "पंप चालू केलाय. गॅस नंतर, तुम्ही झोपल्यावर." नलू वाट बघत राहिली की आता दिवा विझेल, कुणी ढकलून दिल्यासारखं होईल, आणि तिने दात आवळून धरले. पण तसं झालं नाही. ही झोप निराळी होती. दुपारी गॅलरीत आडवं व्हावं, खाली कुणीतरी नळाशी बोलत असावं, त्यातले शब्द जाऊन नुसता सूर उरावा, तशी ती हळूहळू भरत आली. भीती होती, पण तिला आता धार नव्हती. "नलिनीताई, माझी बोटं दाबा," डॉक्टर म्हणाली. नलूने दाबली. "मस्त." उजव्या दंडाला पट्टी आवळत गेली, घट्ट, आणखी घट्ट, आणि तिला ते आवडलं. हा हात आपला, असं तिने मनात म्हटलं की म्हणायचं ठरवलं, तेवढं तिला पुढे सांगता आलं नाही.

मग घसा. घसा कोरडा, खरवडलेला, आणि पोटात जाळ, आणि कुणीतरी तिचं नाव घेत होतं. संध्याकाळ असावी. सर्जन येऊन सांगून गेले की गाठ सगळी निघाली, आता तपासणीला पाठवली आहे, हृदयाने साथ दिली. नलू गुंगीत होती. दुसरा दिवसही तसाच गेला. पण गुंगीतसुद्धा ती आत चाचपून बघत होती, अंधाऱ्या माळ्यावर हात फिरवावा तसं: कुठे काही लागतं का, आवाज, वाक्याचा तुकडा, पट्टा. काही लागत नव्हतं. ती बोटं दाबते आहे आणि मग ती या वॉर्डात आहे, आणि या दोहोंच्या मध्ये काही नव्हतंच.

तिसऱ्या सकाळी डॉक्टर कॅरिसा आली तेव्हा शिवा पलंगाशी बसून मोसंबं सोलत होता. तिने नलूची नाडी बघितली, इकडचं तिकडचं विचारलं. मग शिवाकडे एकदा पाहिलं.

"सांगा," नलू म्हणाली.

"एकदा," डॉक्टर म्हणाली. "मधल्या वेळात बीपी फार उतरलं, म्हणून मी गॅस आणखी खाली आणला. पंपाचं औषध चालूच होतं. मी कानाशी म्हटलं, नलिनीताई, मी कॅरिसा, ऐकू येत असेल तर बोटं दाबा. तुम्ही दाबलीत. मला वाटलं उगाच हललं असेल, म्हणून परत विचारलं. परत दाबलीत."

शिवाचा हात मोसंब्यावर थांबला.

"दुखत असेल तर दाबा म्हटलं, तेव्हा नाही दाबलीत. मी सर्जनना थांबवलं, पंप वाढवला, दुखण्याचं औषध दिलं. बीपीसाठीही दुसरं औषध दिलं. मग विचारलं तर हात सैल होता. त्यानंतर शेवटपर्यंत सैलच. तुम्हाला काही आठवतं?"

नलूने डोळे मिटले, शोधलं. "नाही."

घाबरायला हवं होतं. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली तेच पुन्हा झालं होतं. पण भीती आली नाही. तिला त्या दुसऱ्या बाईचं नवल वाटत होतं, जी खाली कुठेतरी निपचित पडून ऐकत होती, जिने हाक ऐकून ओ दिली होती आणि जिला आता कुणी ओळखत नव्हतं, नलूसुद्धा नाही. "मी दाबल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, कळलं. मी आहे."

"एवढंच?"

"एवढंच. मग पुढे काम होतं ना."

ती गेली. शेजारच्या पलंगावरच्या बाईची सून डबा उघडत होती, मेथीचा वास आला. शिवाने अर्धवट सोललेलं मोसंबं रुमालावर ठेवलं. बोटं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली.

"म्हणजे तेव्हा पण," तो म्हणाला.

"तेव्हा पण."

त्याने मान खाली घातली. त्याच्या टाळूवरचे विरळ केस नलूला वरून दिसत होते. असे कधी पाहिले नव्हते तिने. एवढ्याशा खोलीत एवढी वर्षं काढली, आणि हे पाहायचं राहून गेलं होतं. "मी त्या डॉक्टरला जाऊन विचारलेलं," तो म्हणाला. "तुझ्या शेजारी बसून तुला नाय विचारलं."

"नाही विचारलंत."

"आता सांग."

"सांगेन. सगळं सांगेन," नलू म्हणाली. "पण आज नाही, जोरात बोललं की टाके ओढतात. घरी गेल्यावर. मयूरला पण बसवायचं. त्याचाच दिवस आहे तो, त्यालाही माहीत पाहिजे. आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"नाय बोलणार."

"डॉक्टर काय म्हणाले, आई काय म्हणाल्या, काही नाही."

"नाय म्हटलं ना गो."

नलूने उशीवर मान वळवली. घरी गेल्यावर सांगायचं असं ठरलं होतं, पण तोंडापर्यंतची वाट आता मोकळी होती आणि एक गोष्ट तिथे येऊन थांबली होती. कॅरिसालाही तिने ती सांगितली नव्हती. त्रासाबद्दल बोलताना ती कुठे बसतच नव्हती.

"मयूर जन्मला तेव्हा रडायच्या आधी शिंकला होता," ती म्हणाली. "दोनदा. एवढीशी शिंक. तिथली कुठलीशी नर्स हसली होती."

शिवाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढून घेतली.